खंडेनवमीचा विसावा

केतकी न्हाणीघरातून केस पुसत बाहेर आली तेव्हा आधी उदबत्तीचा वास आला, आणि मग घरात काहीतरी कमी आहे असं वाटलं. इचलकरंजीतले माग आज बंद होते, त्यामुळे गाव तसंही गप्प होतं. पण ही शांतता गावाची नव्हती, घरातली होती. चालू असताना जिच्याकडे तिचं कधी लक्षही जात नसे, ती एक बारीक घरघर थांबली होती.

लेकीच्या, ओजूच्या पलंगाशेजारी, स्टुलावर, 'अनुश्वास' जागच्या जागी होतं. पोळ्यांच्या डब्याएवढं पांढरं यंत्र. पुढच्या जाळीवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली, माथ्यावर झेंडूचं फूल, समोर पाटावर निरांजन आणि साखरेची वाटी. कोपऱ्यातला हिरवा दिवा मात्र मिटलेला. चौदा महिन्यांत तो एकदाही मिटला नव्हता.

"बंद कुणी केलं?"

"मीच की. तासभर," सासूबाई म्हणाल्या. केतकी त्यांना आत्ती म्हणे. त्या ओजूला मांडीवर घेऊन झेंडूच्या पाकळ्या मोजायला शिकवत होत्या. "जागी हाय न्हवं पोर, आता कुठं लागतंय तिला? वरीसभर राबलंय बिचारं. खंडेनवमीला तरी इसावा नगो?"

आत्तींनी तीस वर्षं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर काढली होती. वर्षातून एक दिवस यंत्र थांबवायचं, पुसायचं, तेल द्यायचं, फूल वाहायचं आणि त्या दिवशी त्याच्याकडून काही मागायचं नाही, एवढा एक नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. आताचे माग संगणकावर चालत, धोट्याचा खडखडाट जाऊन हवेचा फुसकारा आला, तरी मालक खंडेनवमीला सगळे बंद ठेवतच. मागच्या वर्षी आत्तींनी अनुश्वासची पूजा करायची इच्छा बोलून दाखवली होती. तेव्हा केतकीनं यंत्रावर हात ठेवून सांगितलं होतं, याला कुणी हात लावायचा नाही. यंदा त्यांनी विचारलंच नाही.

केतकीनं फूल बाजूला केलं आणि बटण दाबलं. यंत्राच्या छोट्या पडद्यावर गोल फिरू लागला. ती समोर उभी राहिली, केसांतलं पाणी पाठीवर ओघळत राहिलं. नऊ मिनिटांनी गोल थांबला आणि लाल अक्षरं आली. वायरलेस कार्ड सुरू झाले नाही. कृपया मदत केंद्राशी संपर्क साधा.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ओजू रोज साडेबाराला झोपे.

*

ओजस्वी जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी झोपेत निळी पडली होती. डॉक्टरांनी केतकीला आणि तिच्या नवऱ्याला, संकेतला, कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं होतं. मेंदूच्या बुडाशी एक पहारेकरी असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की तो श्वासपटलाला हुकूम सोडतो, माणूस गाढ झोपेत असला तरी. ओजूचा हा पहारेकरी जन्मतःच नव्हता. जागी असताना ती इतर मुलांसारखा श्वास घेई. झोपली की विसरे.

पूर्वी अशा मुलांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवत आणि झोपेत ती श्वासयंत्राला जोडत. ओजूला अकराव्या महिन्यात नवं काही मिळालं. छातीच्या कातडीखाली रुपयाएवढी चकती, तिच्यापासून श्वासपटलाच्या दोन्ही नसांपर्यंत गेलेल्या केसासारख्या तारा. चकतीत ना बॅटरी, ना अक्कल. दोन्ही बाहेरच्या डब्यात. ओजूच्या कानाच्या पाळीला लावलेला चिमटा रक्तातला वायू मोजी, डबा ठरवी की आता श्वास हवा, किती खोल हवा, आणि रेडिओवरून तो चकतीला धाडी. सर्दीतला श्वास वेगळा, तापातला वेगळा, स्वप्नातला वेगळा, हे सगळं डबा तिच्याकडूनच शिकला होता. गळा शाबूत राहिला. ओजू दीड वर्षाची असताना 'आजी' म्हणाली, आणि आता दोन वर्षं एक महिन्याची होऊन दिवसभर बडबडत होती.

नळीची गोष्ट मात्र संपली नव्हती. तोंडावरचा मास्क ओजूला सोसत नसे, पोट फुगून उलटी होई. केतकीनं मिरजेच्या इस्पितळात फोन लावला तेव्हा डॉक्टरांनी तेच सांगितलं. यंत्र सुरू झालं नाही तर पोरीला झोपायच्या आत घेऊन या, पण मग गळ्यातून नळी घालण्यावाचून माझ्याकडे दुसरं काही नाही. तिनं रुग्णवाहिकेला बाराची वेळ दिली. संकेतला फोन केला. तो कारखान्यात पूजेला होता, निघतो म्हणाला.

मग ती आत्तींकडे वळली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"हिला झोपू द्यायचं नाही. काहीही झालं तरी. गोष्ट सांगा."

आत्तींनी लाल अक्षरं वाचली नव्हती, पण केतकीचं तोंड वाचलं. त्यांनी काही न विचारता पोरीला उचललं आणि पलीकडच्या खोलीत नेलं. थोड्या वेळात त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. एक होती मुंगी. तिला नेसायचं होतं नऊवारी.

"मंग?" ओजू म्हणाली.

गोष्ट ऐकताना ती दर वाक्याला हे विचारे. केतकीला बरं वाटलं. हा शब्द येत आहे तोवर ती जागी आहे.

*

केतकी बी.सी.एस. झाली होती आणि ओजूच्या आधी दोन वर्षं कोल्हापुरात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती. वायरलेस कार्ड सुरू न होणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. डब्याचा मेंदू एका कारखान्यात बनलेला, बाहेर बोलणारं कार्ड दुसऱ्याच कारखान्यात. दोघांच्या भाषा वेगळ्या, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र चालू झालं की दुभाषा कार्डाला हाक मारतो, आहेस का. मग विचारतो, तू कोण. मग कार्डाच्या आत बसलेला छोटा प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो तपासतो. चौथ्या पायरीला छातीतल्या चकतीशी खुणेचा शब्द जुळवतो. पाचव्या पायरीला कार्डानं 'तयार' म्हणायचं. प्रत्येक पायरीला काही सेकंदांची मुदत. मुदतीत उत्तर आलं नाही की दुभाषा उठून जातो, आणि बाकी सगळं धडधाकट असूनही यंत्र मुकं बसतं.

कुंकू. तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. जाळीतून आत गेलेलं कुंकू.

तिनं वायर काढली, तळाचे चार स्क्रू सोडवले, झाकण उचललं. आत खरंच लाल-पिवळी भुकटी होती, पंख्याच्या पात्यांवर, कडेला. तिनं पुस्तकांच्या कपाटातला रंगकामाचा ब्रश आणला आणि श्वास रोखून एकेक कण झाडला. कार्ड खाचेतून काढलं, त्याचे सोनेरी दात मऊ फडक्यानं पुसले, परत बसवलं. दात स्वच्छच होते. फडक्यावर काही आलं नाही, हे तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पलीकडे मुंगी मागवाल्याकडे पोचली होती. मागवाला म्हणत होता, बाई, तुझ्या अंगाला किती वार लागतील ते मापून सांग.

"मंग?"

नऊ मिनिटं. लाल अक्षरं.

मदत केंद्रावर माणूस नव्हता, संगणकाचा आवाज होता, गोड आणि धीराचा. त्यानं वायर काढून एक मिनिट थांबायला सांगितलं. ते करून झालं आहे म्हटल्यावर त्यानं केतकीचं कौतुक केलं आणि परत वायर काढून एक मिनिट थांबायला सांगितलं. आज सणाची सुट्टी असल्यानं अभियंता परत फोन करील, असंही म्हणाला. केतकीनं फोन मांडीवर ठेवला, जुना लॅपटॉप डब्याला जोडला आणि डब्यानं स्वतःशी लिहून ठेवलेली नोंदवही उघडली. यंत्र सुरू होताना जे जे घडतं ते त्यात ओळीओळीनं उतरतं. नोकरीत तिनं असल्या हजारो ओळी वाचल्या होत्या.

कार्ड सापडले. म्हणजे जिवंत होतं. खाच, दात, कुंकू, कशाचाच दोष नव्हता.

पुढची ओळ. कार्डातील आवृत्ती ४.२. ड्रायव्हरला अपेक्षित ७.०. उत्तर नाही. मुदत संपली.

आणि त्याच्या वर, बऱ्याच वर, एकसारख्या ओळींची रांग. नवी आवृत्ती उपलब्ध, पुन्हा सुरू करण्याची विनंती, वापरकर्त्याने पुढे ढकलले. तारीख. परत तीच. परत. शेवटी आकडा होता, ५५.

तिला तो छोटा चौकोन आठवला. दर सोमवारी सकाळी पडद्यावर यायचा. नवी आवृत्ती बसवण्यासाठी यंत्र पुन्हा सुरू करा. खाली दोन बटणं, आता आणि नंतर. पुन्हा सुरू व्हायला नऊ मिनिटं लागत. ओजू दिवसा जागी असे, नऊ मिनिटांनी काही होणार नव्हतं, हे तिला कळत होतं. पण अशा मुलांच्या आईबापांच्या फोनवरच्या गटावर एका वडिलांनी सुरुवातीला लिहिलं होतं, आमचं परत चालू व्हायला सहा तास लागले. तेवढं पुरलं. तिचं बोट दर सोमवारी 'नंतर'वर जाई आणि दाबून झालं की छातीत जरा मोकळं वाटे. जे चालू आहे ते चालू राहू दे.

नवे ड्रायव्हर मात्र आपोआप उतरत राहिले होते, डब्यात झोपून, पुढच्या वेळी यंत्र सुरू होण्याची वाट बघत. कार्ड होतं तिथंच राहिलं. चौदा महिन्यांनी दोघं समोरासमोर आले तेव्हा दुभाषा जी भाषा बोलत होता ती कार्डाला कधी शिकवलीच नव्हती.

"मंग?" पलीकडून आलं. जरा मऊ.

तेवढ्यात संकेत आला. कपाळावर कारखान्यातला टिळा तसाच. तो उघडा डबा, झाकणातली लाल भुकटी आणि केतकीच्या हातातला ब्रश बघत दारात थांबला. काय झालं, असं त्यानं विचारलं.

केतकीच्या समोर पडद्यावर पंचावन्न ओळी होत्या. त्याला इंग्रजी वाचता येत होतं. तो दोन पावलं पुढे आला असता तर तिला काही बोलावंच लागलं नसतं. तो आला नाही. तिनं लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

"कुंकू," ती म्हणाली. "आत गेलंय."

पलीकडच्या खोलीतली गोष्ट एका शब्दापुरती अडखळली. मग आत्तींचा आवाज परत सुरू झाला, आधीपेक्षा मोठा.

*

फोन आला तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. कंपनीची अभियंता पुण्याहून बोलत होती, मोहसिना शेख. सुट्टीवर होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. तिनं मुलीचं वय विचारलं आणि झोपायची वेळ विचारली, त्यानंतर यंत्राविषयी. केतकीनं स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. संकेत पलंगावर बसून तिच्याकडे बघत होता.

मोहसिनानं दोन-तीन आज्ञा टाइप करायला सांगितल्या आणि उत्तरं वाचून घेतली. कार्डातली आवृत्ती ऐकल्यावर तिनं तो आकडा परत एकदा वाचायला सांगितला.

मग तिनं सांगितलं ते असं. कार्डाला चारवरून एकदम सातवर नेता येत नाही. मध्ये पाच, मग सहा, असं चढत जावं लागतं. मधल्या पायऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेल्या होत्या, त्या मार्चमध्ये काढल्या, कारण सगळी यंत्रं पुढे गेली असं त्यांच्या यादीत दिसत होतं. डबा जुन्या ड्रायव्हरची एकच प्रत राखतो, आणि दर नव्या प्रतीनं आधीची पुसली गेली आहे. दुसरा डबा पाठवता येईल, पण नवे डबे जुन्या चकतीशी बोलत नाहीत. चकती बदलायची तर परत शस्त्रक्रिया, आणि एवढ्या लहान नसेवर दुसऱ्यांदा कुणी हात घालणार नाही. पाच वर्षांची होईपर्यंत तरी नाही.

"मॅडम, मी खरं सांगू का," मोहसिना म्हणाली. "मागच्या दसऱ्याला जरी एकदा बंद करून चालू केलं असतंत ना, तर पुढचं सगळं आपोआप गेलं असतं."

केतकीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मागच्या वर्षी यंत्रावर ठेवलेला आपला हात तिला दिसला. संकेतनं त्याच दिवशी कधीतरी म्हटलं होतं की जे यंत्र कधी बंदच होत नाही त्याची त्याला भीती वाटते. कारखान्यात खंडेनवमीला माग थांबवतात तेव्हाच कळतं कोणता परत उठणार नाही, आणि माणसं हाताशी असताना कळतं. ती तेव्हा त्याला म्हणाली होती की ही मुलगी आहे, माग नाही.

"काय म्हणतेय ती?" संकेतनं विचारलं.

"बघतेय," केतकी म्हणाली.

एक गोष्ट करून बघता येईल, असं मोहसिना म्हणाली. नागपूरला एका कुटुंबाचा डबा पाच-एकवर अडकलेला आहे, त्यांच्याकडचा ड्रायव्हर मागवते. चार आणि पाच यांच्यात फार अंतर नाही, कदाचित बोलतील. फाइल यायला बारा मिनिटं लागली. त्या बारा मिनिटांत केतकी दाराशी जाऊन उभी राहिली. आत्ती ओजूला कडेवर घेऊन खोलीत फेऱ्या मारत होत्या, मधूनच तिच्या गालाला ओला हात लावत होत्या. मुंगीसाठी सूत कुठून आणायचं हा प्रश्न होता. कांडीवालीनं एक धागा दिला, तोच नऊ वार भरला. पण मुंगीला निऱ्या काढता येईनात.

"तिच्या आजीनं शिकवल्या न्हाईत व्हय गं?" आत्तींनी ओजूला विचारलं.

ओजू हसली. डोळे चोळले. "मंग?"

आत्तींनी केतकीकडे बघितलं नाही.

केतकीनं नागपूरची फाइल डब्यात घातली आणि बटण दाबलं. या वेळी गोल फिरत असताना नोंदवहीतल्या ओळी लॅपटॉपवर सरकताना दिसत होत्या. कार्ड सापडले. संकेत तिच्या मागे येऊन उभा राहिला. आता वरच्या ओळी पडद्यावर नव्हत्या. ओळख पटली. फर्मवेअर स्वीकारले. संकेतनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मोहसिना फोनवर हळूच म्हणाली, तीन झाल्या. चौथी पायरी होती चकतीशी खुणेचा शब्द जुळवण्याची. केतकीनं आत जाऊन कानाचा चिमटा ओजूच्या पाळीला लावला, तिला आत्तींच्या कडेवरच डब्याजवळ आणवलं. चकती जवळ हवी होती.

ओळ सरकली नाही. सेकंद पडत होते, खाली उजव्या कोपऱ्यात. तीस. पंचवीस. केतकी मनात कार्डाला म्हणत होती, बोल. ही तीच आहे. रोज रात्री हिच्याशीच तर बोलतोस.

मुदत संपली.

मोहसिनानं परत करायला सांगितलं. परत तेच झालं, त्याच जागी. तिसऱ्यांदाही तेच झालं.

"मॅडम," शेवटी ती म्हणाली. "गाडी आलीय का तुमची?"

केतकीनं मान वर केली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की बराच वेळ 'मंग' ऐकू आलेला नाही.

*

ओजूचं डोकं आत्तींच्या खांद्यावर होतं. आत्ती बोलतच होत्या. मुंगी निऱ्या काढत होती, एक निरी, दोन निरी, आणि त्या पोरीला हलवत होत्या, पण दोन वर्षांचं मूल एकदा खरं झोपलं की हलवून उठत नाही. चिमट्याचा आकडा चढू लागला. ओठांची कड जांभळी झाली.

इस्पितळानं दिलेली रबराची पिशवी पलंगाखालच्या खोक्यात होती. तोंडावर कप धरायचा, पिशवी दाबायची, सोडायची. केतकीला शिकवलं होतं, बाहुलीवर. उलटी होऊ नये म्हणून अगदी बेतानं दाबायचं. तिनं ओजूला पलंगावर घेतलं, कप लावला आणि दाबलं. छाती उचलली. संकेतनं झेंडूचं फूल, पाट, निरांजन पायानं सारून वाट केली, आणि ते तसेच दाराशी येऊन थांबलेल्या रुग्णवाहिकेत चढले.

मिरजेपर्यंतचा रस्ता दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा होता. दुतर्फा आपट्याच्या पानांचे ढीग, उसाच्या मोळ्या, थांबलेल्या गाड्या. वाटेत केतकीची बोटं आखडली. पिशवी दाबण्याचा ठोका चुकू लागला. कधी दोन श्वास लागोपाठ जात, कधी मध्येच मोठी फट पडे. गाडीतला मदतनीस पुढे ऑक्सिजनची नळी सोडवत होता.

"हिकडं आन," आत्ती म्हणाल्या.

त्यांनी पिशवी घेतली. तीस वर्षं त्यांनी मशीनच्या ठेक्यावर कांड्या बदलल्या होत्या. बोलताना, भांडताना, पेंगतानाही त्यांचा हात चुकत नसे असं कारखान्यात सांगत. दाब, सोड. दाब, सोड. ओजूच्या ओठांचा रंग परत आला. आत्तींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. पाऊण तास त्यांनी हात चुकू दिला नाही. केतकी समोर बसून बघत होती. सांगायचं तर ते आत्ता, असं तिला वाटलं. मग वाटलं, आत्ता सांगितलं तर त्यांचा ठोका चुकेल. हे खरंही होतं.

संध्याकाळी ओजूच्या गळ्यात नळी बसली. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले. आवाजाचं विचारल्यावर म्हणाले, हवा आता वर स्वरयंत्रापर्यंत जाणारच नाही. एवढ्या लहान गळ्यात आवाजाची झडपही बसत नाही. पाच वर्षांची झाली की बघू.

शुद्धीवर आल्यावर ओजू रडली. तोंड उघडलं, चेहरा लाल झाला, अश्रू आले. खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

*

दिवाळीनंतर आत्ती रेंदाळला, आपल्या बहिणीकडे गेल्या. भांडण झालं नव्हतं. घरी असताना त्यांनी मिक्सरला हात लावणं सोडलं होतं, मग पंख्याच्या बटणाला, मग ओजूला. संकेत त्यांना कधी एका शब्दानं बोलला नाही. पण तोही त्यांच्याकडे बघून बोलत नसे, आणि त्या घरात एवढं पुरेसं होतं.

केतकीनं संकेतला सांगितलं तेव्हा ती दोघं ओजूच्या नळीतला कफ ओढत होती, दुपारी. हे काम दोघांशिवाय होत नसे. तिनं पंचावन्न हा आकडा सांगितला, चौकोन सांगितला, कुंकवाचं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि काम पुरं केलं. हात धुऊन आला.

"आईला सांग," एवढंच म्हणाला. त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी लागेल तेवढंच बोलला.

नोंदवहीतली ती पानं तिनं छापून घेतली. ओजूचं लहान श्वासयंत्र पिशवीत घालून, पोरीला मांडीवर घेऊन ती भाड्याच्या गाडीनं रेंदाळला गेली. आत्ती सोप्यात चटईवर वाती वळत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. ओजूला बघून त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

केतकीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. कागद पुढे ठेवले आणि एकेक ओळ मराठीत करून वाचली. कुंकवानं काही झालं नव्हतं. बंद केल्यानंही झालं नव्हतं. मी वेळच्या वेळी बंद करू दिलं असतं, तुम्ही मागच्या वर्षी म्हणालात तेव्हाच, तर काहीच झालं नसतं. त्या दिवशी मला हे कळलं होतं आणि मी कुंकू म्हटलं.

आत्ती शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग कागदाची घडी घालून त्यांनी ती केतकीकडे सरकवली.

"कागदावर काय बी लिवून आणता येतंय, बाळा. मला न्ह्यायला आलीस, व्हय?"

"आत्ती, मी खोटं बोलले तेव्हा."

"खोटं तू आत्ता बोलालीस," त्या म्हणाल्या. रागानं नाही, लेकराची समजूत घालावी तशा. "लई गुणाची हैस तू. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायलीस. पर मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. हे बोट. ह्यानं बटण दाबलं, आन् दिवा गेला."

केतकीनं परत सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून, सोपं करून, दुभाषा आणि पायऱ्या आणि सोमवारची सकाळ. जितकं नीट सांगत गेली तितकी आत्तींच्या चेहऱ्यावर तिच्याविषयीची माया वाढत गेली, आणि ती बघून केतकी मध्येच थांबली. आता दाखवायला काही उरलं नव्हतं. तो डबा कंपनीनं परत नेला होता.

ओजू मांडीवरून उतरली. नळी सांभाळत, दोन पावलं टाकत ती आजीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या पदराखालचे हात शोधू लागली. मग तोंडाकडे बघून तिनं ओठ हलवले. गळ्यातल्या नळीतून हवेचा फुसकारा तेवढा आला.

"काय म्हणतीया पोर?" आत्तींनी विचारलं.

"मंग म्हणतेय," केतकी म्हणाली. "मुंगीचं विचारतेय."

आत्ती उठल्या. चहा टाकते म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही. ओजू स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळानं तिचे ओठ पुन्हा हलले.